गाडी फाटकावर तापते, रस्त्यावर थंड होते? या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी आणायला निघालो होतो. दुपारचा दीड वाजलेला, वाटेत रेल्वे फाटक बंद. सुरत-भुसावळ लाइनवर लागोपाठ दोन मालगाड्या जायच्या होत्या. पहिली जाईपर्यंत एसीतून कोमट वारा यायला लागला आणि दुसरीचे डबे मोजता मोजता गाडीचा तापमानाचा काटा निम्म्यावरून सरकून लाल पट्टीला टेकायला आला. बॉनेट उघडून उभा राहिलो तर मागचा पिकअपवाला उतरून आला. "काय व्हयनं भो?" मी काटा दाखवला. "ऊनच भलतं शे ना भाऊ," म्हणाला आणि तंबाखू मळत परत गेला.

फाटक उघडलं, दोन-तीन किलोमीटर गाडी पळवली आणि काटा आपोआप जागेवर आला. मलाही वाटलं, ऊनच असणार. इथून पुढचे तीन महिने आणि बरेच पैसे मी याच एका समजुतीपायी घालवले.

खान्देशात ऊन हे प्रत्येक बिघाडाचं कारण ठरतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे खरं. उन्हाने गाडीचं काम अवघड होतं, हेही खरं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा ३० वर असेल, तर उष्णता बाहेर पडायला ६५ अंशांचा फरक मिळतो. हवाच ४५ झाली की तो फरक ५० वर येतो. वर एसी चालू असेल तर एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर हा कूलंट गार करणाऱ्या रेडिएटरच्या पुढे असल्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. तरीसुद्धा धडधाकट गाडी ४५ अंशांत फाटकावर अर्धा तास उभी राहिली तर उकळत नाही. तुमच्या मागेपुढे उभ्या असलेल्या बाकीच्या गाड्या बघा ना, त्यांना वेगळं ऊन असतं का? थंडीत झाकून राहिलेला दोष ऊन उघडा पाडतं, एवढंच.

पहिला प्रश्न न विचारताच पाना हातात घेणं

गाडी तापते हे कळलं की गॅरेजवर पहिलं वाक्य येतं, "कूलंट बदलून टाकू." मग थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप), मग रेडिएटर, मग वॉटर बॉडी (कूलंट फिरवणारा पंप). माझ्या गाडीचं कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर खोलून साफ झाला. प्रत्येक वेळी ट्रायल मारायला आम्ही हायवेवर गेलो आणि प्रत्येक वेळी काटा निम्म्यावर. "झालं बघा काम." आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अजिंठा चौफुलीच्या गर्दीत पुन्हा तेच.

विचारायचं असतं ते हे, की गाडी उभी असताना तापते की पळताना? उत्तरावरून अर्धं निदान होतं. गाडी पन्नास-साठच्या वेगाने चालली की वारा आपोआप जाळीतून आत घुसतो, पंख्याची फारशी गरजच उरत नाही. उभ्या गाडीला वारा फक्त पंखा देतो. म्हणून थांबल्यावर तापणारी आणि पळाल्यावर थंड होणारी गाडी दिसली की संशय आधी हवेवर घ्यायचा. पंखा, त्याची वायर, रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), फ्यूज, सेन्सर, आणि पुढच्या जाळ्यांतला कचरा. उलट ८० च्या वेगाने किंवा कन्नडच्या घाटात चढावर काटा चढत असेल, तर प्रश्न पाण्याचा. रेडिएटर आतून चोंदला असेल, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसेल, वॉटर बॉडीची पाती झिजली असतील. दोन्हीकडे तापत असेल तर आधी कूलंटची पातळी आणि गळती बघा.

आणखी एक खूण गाडी बऱ्याच आधी देते, आपण तिकडे लक्ष देत नाही. सिग्नलला उभं राहिलं की एसी कोमट, गाडी हलली की पुन्हा थंड. आपण गॅस कमी झाला म्हणून एसीवाल्याकडे जातो. कंडेन्सरला उभ्या गाडीत हवा मिळत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण असतं. तोच पंखा, तोच दोष. माझ्या एसीने ही तक्रार मार्चपासून केली होती.

"पंखा फिरतोय की!"

तपासणी घरीच करता येते. गाडी सावलीत न्यूट्रलवर, हँडब्रेक लावून सुरू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत पुढचा पंखा सुरू व्हायला हवा. मग एसी बंद करून गाडी तशीच चालू ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत इंजिन तापेल, तेव्हा पंखा आपला आपण लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने बंद झाला पाहिजे. एसीवर लागतो पण तापल्यावर लागत नाही, तर मोटर चांगली आहे, सेन्सरच्या बाजूने बघा. दोन्ही वेळा गप्प असेल तर फ्यूज, रिले, कनेक्टर, मोटर या क्रमाने. रिले तपासायला मिस्त्री लागत नाही. त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, काढून तिथे लावून बघायचा. मोटरच्या पाठीवर लाकडी दांड्याने हलकं ठोकल्यावर पंखा फिरायला लागला, तर आतले कार्बन ब्रश संपलेत असं समजा. हे करताना हात पात्यांपासून लांब ठेवा. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो.

माझ्याकडे मात्र पंखा फिरत होता. चार जणांनी वाकून पाहिलं, चौघांनी मान डोलावली. शेवटी गावातल्या एका वायरमन पोराने वेगळंच केलं. बॉनेट उघडायच्या आधी त्याने वहीचं एक पान फाडलं, पुढच्या जाळीला लावलं आणि सोडून दिलं. पान घसरून खाली पडलं. पंखा नीट ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. मग त्याने मोटरचा कनेक्टर काढून माझ्या तळहातावर ठेवला. पांढरं प्लास्टिक एका बाजूने तपकिरी झालेलं, पिन काळी पडलेली, आणि भजी जळाल्यासारखा वास. पिन सैल, म्हणून तिथे उष्णता, म्हणून मोटरला पूर्ण करंट मिळत नव्हता. पंखा फिरत होता, पण घरातल्या छताचा पंखा दोन नंबरवर फिरावा तसा. कनेक्टर नवा टाकला, ब्रशही संपत आले होते म्हणून मोटर बदलली, आणि तेव्हापासून काटा हललेला नाही.

दोन वेगांच्या पंख्यात आणखी एक गंमत असते. करंट कमी करून हळू वेग देणारा रेझिस्टर जळतो, मग पंखा लागतो तो एकदम जोरात आणि उशिरा. आणि मोटर नवी टाकूनही गाडी आधीपेक्षा जास्त तापत असेल तर पंख्याच्या फिरण्याची दिशा बघा. वायरी उलट जोडल्या गेल्या की पंखा हवा पुढे ढकलतो. गाडी चालू झाली की समोरून येणारा वारा आणि पंखा यांची कुस्ती. बेल्टवर फिरणारा पंखा असलेल्या जुन्या जीप-पिकअपमध्ये पंख्याला इंजिनशी जोडणारा फॅन क्लच तपासा. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवल्यावर तो भिंगरीसारखा गरगर फिरला तर क्लच गेला. त्याला जडपणा जाणवायला हवा.

कापूस, फुफाटा आणि पाइपाचा फवारा

दिवाळीनंतर आपल्याकडे रस्त्यावर कापसाच्या गाड्या सुरू होतात. जिनिंगकडे जाणाऱ्या भरलेल्या ट्रॅक्टरमागे पाच किलोमीटर चाललं की पुढच्या जाळीत पांढरे पुंजके अडकलेले दिसतात. त्यावर शेतरस्त्याचा फुफाटा बसतो, रात्री किडे चिकटतात आणि जाळीवर गोधडी तयार होते. बाहेरून दिसते ती कंडेन्सरची जाळी, तिच्या मागे रेडिएटरची, आणि खरा कचरा या दोघांच्या फटीत साठतो. समोरून टॉर्च मारून भागत नाही. वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, ती फट साफ करून घ्या. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने जवळून फवारा मारलात तर जाळीच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. साधा पाइप, मऊ ब्रश, आणि पाणी शक्यतो इंजिनच्या बाजूकडून पुढे. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर तेही बसवा. ते नसलं की पंखा पूर्ण जाळीतून हवा न ओढता फक्त आपल्या समोरच्या गोलातून ओढतो.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

"आपल्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला? तो थंड देशांसाठी." हे मी इतक्यांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त माझ्या गाडीला हात लावू देत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिनला त्याच्या योग्य तापमानावर ठेवतो. तो काढला की इंजिन थंडच चालतं, कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत तर तो पूर्ण उघडल्यावर रेडिएटर टाळून जाणारी जवळची वाट बंद करत असतो. तो नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत जातं आणि गाडी गर्दीत जास्तच तापते. अडकलेला असेल तर नवा टाका.

बोअरचं पाणी

चहाच्या भांड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार सांगायला नकोत. कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं, आणि डब्यावर तयार मिश्रण लिहिलं असेल तर त्यात काहीच नको. रंग जुळला म्हणून दोन कंपन्यांची कूलंट एकत्र करू नका. रंग ही जातीची खात्री नाही, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला. रेडिएटरचं झाकणही बघा. साधारण एक किलोचा दाब ते धरून ठेवतं म्हणून कूलंट १२० च्या आसपासपर्यंत उकळत नाही. त्याचं रबर कडक झालं की तेच कूलंट आधीच उकळतं आणि कूलंटच्या बाटलीत उसळतं.

काट्यावर आंधळा विश्वास

बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध खिळवलेला असतो. तापमान बरंच वरखाली झालं तरी तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. काही नव्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त लाल दिवा. मोबाइलला जोडायचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) घेऊन ठेवा, खरे आकडे दिसतात. फाटकावर आकडा १०० च्या आसपास जाऊन पंखा लागल्यावर खाली येतो का, ते बघा. एक धोका लक्षात ठेवा. कूलंट सगळं गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. इंजिन खदखदतंय आणि काटा थंड दाखवतोय, हे चित्र सगळ्यात वाईट.

रस्त्यात तापलीच तर

काटा नुकताच चढायला लागला असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. मे महिन्यात हे अंगावर काढणं सोपं नाही, काचा उघडा आणि मुलांना उतरवा. पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो काही अंश ओढून घेतो. लाल दिवा लागला किंवा वाफ आली तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नको. आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं आणि ते थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतू नका, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. पूर्ण थंड झाल्यावर कूलंटच्या बाटलीत पाणी घाला आणि किती मावलं ते लक्षात ठेवा, गॅरेजवर सांगायला लागेल.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक झाला, बाटलीत बुडबुडे येत राहिले, ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा मळकट पांढरा थर दिसला किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबेना, तर हेड गॅसकेटचा, म्हणजे हेडखालच्या सीलचा, संशय घ्या. मग "घरापर्यंत हळूहळू नेतो" हा विचार सोडा. टोचन करून न्या. टोचनवाल्याचे पैसे हेड फेसिंगच्या (हेड घासून सपाट करण्याच्या) बिलापेक्षा कितीतरी कमी.