भरलेल्या ट्रकचं डिझेल कसं वाचवायचं

आधी डावा पाय नव्हे, एक्सलेटरवरचा उजवा पाय सुधारा. आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणाऱ्या, काट्याखाली हिरवा पट्टा असतो, काटा त्यातच ठेवायचा. पट्टा ओलांडण्याआधी वरचा गिअर टाका. इंजिन धडधडायला लागलं, गाडी ओढेना, तर मात्र लगेच खालचा गिअर घ्या. वरच्या गिअरमध्ये रेटण्यात बचत नाही.

इगतपुरीहून कसारा घाट उतरताना बरेच जण न्यूट्रल करतात. हे कृपा करून सोडा. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. उलट गिअरमध्ये ठेवून एक्सलेटरवरून पाय काढला, तर नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात डिझेलचा पुरवठा बंद होतो, चाकंच इंजिन फिरवतात. शिवाय न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन उतारावर ब्रेक लागत नाही. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच गाडी रोखणारा ब्रेक, असेल तर तो वापरा.

टोलनाका किंवा सिग्नल लांबून दिसला की तेव्हाच पाय काढा. थांबून पुन्हा पहिल्या गिअरपासून भरलेली गाडी उचलणं सगळ्यात महाग.

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. ढाब्यावर थांबलात की प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग गेलंय. फडफडणारी ताडपत्रीही हवेला अडते, दोरी ताणून बांधा.

ॲव्हरेज मोजायचं ते टाकी फुल ते टाकी फुल, त्याच पंपावर.