एका हाताने क्रोशाची लेस: पाट, वाळूची उशी आणि कोकणची दमट हवा

क्रोशाला दोन हात लागतात असं म्हणतात, ते अर्धंच खरं. सुई चालवतो एकच हात. दुसरा नुसता धरून बसतो, एकीकडे विणलेली पट्टी आणि दुसरीकडे धाग्याचा ताण. ही दोन्ही कामं लाकडावर आणि वाळूवर सोपवता येतात. अर्धांगवायूनंतर एका हातात जोर उरला नसेल किंवा संधिवाताने बोटं वळत नसतील, तर आधी ही मांडणी करून घ्या.

साधारण ३० × ४० सेंमीचा पाट किंवा फळी घ्या. पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात १२ सेंमी उंचीची लाकडी पट्टी उभी ठोका आणि तिच्या टोकाला एक छोटी कडी बसवा. सुताराला हे अर्ध्या तासाचं काम आहे. धाग्याचा गुंडा वाटीत ठेवा. धागा पट्टीभोवती एकच वेढा घेऊन कडीतून बाहेर काढा. एका वेढ्याने तो अडतोही आणि ओढला की सरकतोही. दोन वेढे घेतलेत तर टाके आवळतात, वेढाच नसेल तर सैल लोंबतात. डावा हात चालत असेल तर हीच मांडणी उलट, पट्टी उजव्या कोपऱ्यात. अशा वेळी शिकवणीचा व्हिडिओ मोबाइल आरशासमोर धरून पाहिला की दिशा जुळते.

पट्टीसमोर वाळूची उशी ठेवायची. जुन्या जीन्सच्या पायाचा १५ सेंमी रुंद तुकडा दुहेरी शिवून त्यात दोनेक किलो वाळू भरा. अंगणापलीकडे किनारा असला तरी समुद्राची वाळू तशीच भरू नका. तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं, उशी कायम ओलसर राहते, टाचण्या गंजतात आणि गंजाचे डाग लेसवर उतरतात. नदीची वाळू बरी. समुद्राचीच असेल तर गोड्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा आणि कडक उन्हात वाळवा. उशी सरकू नये म्हणून पाटाखाली आणि उशीखाली जाळीदार रबराचा तुकडा घाला. उशीच्या कडेला कपडे वाळत घालायचा रुंद चिमटा घट्ट शिवा. टाचणीपेक्षा चिमटा बरा, तो एका हाताने उघडतो. मधुमेहामुळे किंवा इतर कारणाने बोटांना टोचलेलं कळत नसेल तर टाचण्या वापरूच नका.

सुरुवात जाड धाग्याने करा, ८ पदरी सुती धागा आणि ३ मिमीची सुई. नाजूक लेसचा २० नंबरचा धागा आणि १.२५ मिमीची सुई नंतर. (धाग्याचा नंबर वाढतो तसा धागा बारीक होतो, दुकानात इथेच गोंधळ होतो.)

पहिली गाठ अशी: धाग्याचं टोक चिमट्यात धरा. सुई ताणलेल्या धाग्याखाली घालून एक पूर्ण गिरकी द्या, म्हणजे पीळ पडलेला वेढा सुईवर बसेल. आता सुईने धागा अडकवून त्या वेढ्यातून ओढा. पुढे प्रत्येक टाक्याला सुईच धाग्याकडे जाते, धागा सुईकडे येत नाही. पहिल्या दिवशी हे अवघडच वाटतं. चार-पाच टाके झाले की विणलेली पट्टी पुढे सरकवून पुन्हा चिमट्यात धरा, चिमटा सुईपासून दोन-तीन सेंमीवर हवा. लांब राहिला तर पट्टी सुईबरोबर वर उचलली जाते आणि टाका निघत नाही. सुई खाली ठेवण्यापूर्वी शेवटचा वेढा पाचेक सेंमी लांब ओढून ठेवा, नाहीतर सगळं उसवेल.

सरावाला शिंपल्यांची किनार घ्या. ६२ साखळ्या घाला (सुईवरच्या वेढ्यातून धागा एकदा ओढला की एक साखळी). सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब (सिंगल क्रोशे, म्हणजे आधी सुईवर वेढा न घेता घातलेला बुटका टाका), मग प्रत्येक साखळीत एक, असे ६१. पलटून १ साखळी, पहिल्या टाक्यात मुका खांब. आता २ टाके सोडा, तिसऱ्यात ५ खांब (डबल क्रोशे, आधी सुईवर धाग्याचा वेढा घेऊन घातलेले उंच टाके; हा एक शिंपला), पुन्हा २ सोडा, पुढच्यात मुका खांब. शेवटपर्यंत हेच, एकूण १० शिंपले. लांबी वाढवायची तर साखळ्या सहा-सहाने वाढवा. दाराच्या तोरणाला २०० साखळ्या घातल्या की ३३ शिंपले होतात. पट्टी धनुष्यासारखी वाकली तर साखळी आवळली गेली आहे. तेवढी साखळी ३.५ मिमीच्या सुईने घाला.

मोजणीसाठी दोन वाट्या आणि चिंचोके ठेवा. एक शिंपला झाला की एक चिंचोका इकडून तिकडे. दिसत नसेल किंवा कमी दिसत असेल तरी बोटांना हिशेब कळतो. कमी दिसणाऱ्यांनी पांढरा धागा घेऊन उशीवर काळं कापड घालावं, आणि उजेड खांद्यामागून, सुईच्या विरुद्ध बाजूने घ्यावा.

संधिवातात त्रास सुईच्या बारीकपणाचा असतो. एसीच्या नळीवर चढवतात तो काळा फोम किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी सुईवर गुंडाळून मूठ २.५ ते ३ सेंमी जाड करा. टोकाच्या आकड्याकडची चार सेंमी मात्र मोकळी ठेवा, कारण वेढ्याचा आकार तिथेच ठरतो. कोपर टेबलावर टेकलेलं हवं, व्हीलचेअर असेल तर खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाका. वीस मिनिटांनी थांबा. थांबल्यावर दोन तासांनीही दुखत असेल तर उद्या दहाच मिनिटं.

आता पावसाळा. घामाने धागा सुईला चिकटतो, म्हणून मांडीवर सुकं फडकं हवंच. स्टीलच्या सुया शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब लावून पुसून ठेवा आणि वापरण्यापूर्वी पुन्हा पुसा. अॅल्युमिनियमच्या सुईला तांबडा गंज येत नाही. लेसला पेजेची खळ द्यायची तर मृगाच्या आधी, कडक उन्हात. पावसात खळ वाळत नाही, बुरशी धरते आणि पुढे कसर लागते. म्हणजे गणपतीच्या मखराची लेस मे महिन्यात हातावेगळी व्हायला हवी. उशीर झालाच तर खळ न देता ओलसर लेस जाड टॉवेलवर पसरा, शिंपल्यांची टोकं हाताने सारखी करा आणि पंख्याखाली दोन दिवस राहू द्या.

क्रोशा जमतच नसेल तर मॅक्रमे, म्हणजे सुईशिवाय दोरीला गाठी मारून केलेली वीण, पाहा. दोरी जाड असते आणि काम खिडकीच्या गजाला टांगून होतं, त्यामुळे मान खाली घालावी लागत नाही. काथ्याच्या कामाचा मोह कोकणात होतोच, पण कोरडा काथ्या कातडी सोलतो. बोटांना संवेदना कमी असतील तर तो टाळा.