पोटातल्या आगीचा दोष मिसळीला देण्याआधी

आमचे तात्या वर्षभर पहाटे तीनला उठून बिस्किटं खायचे. पोटात आग पडायची, दोन बिस्किटं पोटात गेली की शांत. घरच्यांनी खापर फोडलं मिसळीच्या कटावर. मिसळ बंद, तांबडा रस्सा बंद, रात्री कोल्हापूरच्या गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध सुरू. दुखणं जिथल्या तिथं. शेवटी दुर्बिणीनं तपासलं, तर लहान आतड्याच्या तोंडाशीच अल्सर. आणि बंडीच्या खिशात गुडघेदुखीच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट. रोज एक, चिठ्ठीशिवाय.

तिखटानं अल्सर होत नाही. असलेली जळजळ वाढू शकते, तेवढ्यापुरतं ते कमी करा. दुधानंही घटकाभर बरं वाटतं, पण नंतर आम्ल पुन्हा वाढतं.

सुरुवात वहीपासून करा. आठ दिवस लिहा: कधी दुखलं, त्याआधी काय खाल्लं, कोणती गोळी घेतली. उपाशीपोटी किंवा मध्यरात्री दुखून खाल्ल्यावर थांबत असेल, तर संशय आतड्याच्या सुरुवातीच्या वीतभर भागावर. जेवल्यावर वाढत असेल तर जठरावर. हा फक्त अंदाज. निदान डॉक्टरच करतील.

मग घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या दुखण्यावरच्या गोळ्यांनी जठराचं संरक्षक अस्तर कमकुवत होतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ती मात्र मनानं बंद करू नका.

दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९८२ मध्ये तो जठरातून वेगळा काढून वाढवला. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत तो सापडतो. पण त्याआधी पॅन्टोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. काय कधी थांबवायचं, हे डॉक्टरांना विचारूनच. जंतू निघाला तर औषधांचा कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी बरं वाटलं तरी तो अर्धवट सोडू नका. संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा. ही फेरतपासणी बरेच जण टाळतात, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह तिचाच आहे.

पॅन्टोप्राझोल सकाळच्या नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची; खाऊन झाल्यावर घेतली तर जोर कमी पडतो. बिडी-सिगारेट चालू असेल तर अल्सर भरायला वेळ लागतो.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक असह्य दुखून लाकडासारखं कडक झालेलं पोट, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. छातीत दाटून घाम फुटला तर पित्त समजून सोडा पीत बसू नका, ते हृदयाचंही असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. त्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.