जुना गेमिंग पीसी बदलताय? पैसे काढण्याआधी या चुका टाळा

२०१६ ते २०१८ या काळात घेतलेले गेमिंग पीसी आता एकदमच दमायला लागलेत. आय५-७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि १ टीबीची हार्ड डिस्क ही तेव्हाची बेताच्या बजेटमधली ठरलेली जोडणी. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्याच महिन्यात एनव्हिडियाने १० सिरीजच्या कार्डांसाठी नव्या गेमनुसार ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढणं थांबवलं; सुरक्षेचे अपडेट तेवढे येत राहतील. 'डूम: द डार्क एजेस'सारखे गेम कार्डात रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या हुबेहूब दाखवण्याचं) हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत. म्हणजे पीसी बदलायची वेळ आली आहे हे खरं. पण काय बदलायचं आणि कशानंतर काय घ्यायचं, इथे घोळ होतो. हातात तीस-चाळीस हजारच असतील तर तो घोळ निस्तरायला पुन्हा तेवढे पैसे लवकर उभे राहत नाहीत.

काय अडतंय ते न बघताच खरेदी

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबतो. 'गेम अडकतो' या तक्रारीमागे निदान चार वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि गेम चालू असताना कार्डाचा वापर, प्रोसेसरचा वापर, रॅम आणि तापमान स्क्रीनवर दिसेल असं लावा. कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच कमी पडतंय. कार्ड साठ टक्क्यांवर आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर नवं कार्ड टाकून हाती फारसं काही लागणार नाही. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणा. तरीही फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढल्या नाहीत, तर प्रोसेसर अडवतोय असं समजा. चार कोर आणि चार थ्रेडवाल्या, म्हणजे एका वेळी चारच कामं घेणाऱ्या आय५मध्ये हे फार दिसतं: सरासरी फ्रेम बऱ्या असतात, पण गर्दीच्या जागी मध्येच झटके बसतात.

८ जीबी रॅम पूर्ण भरून विंडोज हार्ड डिस्ककडे धावत असेल, तर आणखी ८ जीबी आणि एक साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) एवढ्यावर वर्षभर निघू शकतं. ती एसएसडी पुढच्या पीसीतही चालते.

चौथं कारण उष्णता. पाच-सात वर्षांत प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट सुकते, कूलरच्या फटींत धूळ घट्ट बसते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो. नागपूर-अकोल्यात मे महिन्यात खोलीच चाळीसच्या घरात असते, तिथे हिवाळ्यात नीट चालणारा पीसी उन्हाळ्यात रडतो. ब्लोअर मारा, पेस्ट बदला, मग पुन्हा आकडे बघा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

आणखी एक प्रकार. 'व्हॅलोरंट'मध्ये व्हॅन ९००१ एरर आली म्हणून पीसी जुना झाला असं ठरवू नका. विंडोज ११वर हा गेम टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मागतो. आय५-८४०० किंवा रायझन ५ २६०० असलेल्या पीसीत दोन्ही सोयी असतात, फक्त बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असतात. इंटेलच्या मदरबोर्डवर टीपीएमची सोय पीटीटी नावाने सापडते, एएमडीवर एफटीपीएम. सिक्युअर बूट चालू होत नसेल, तर विंडोजची डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे का ते पाहा. ती जीपीटी या नव्या पद्धतीची करता येते. आधी बॅकअप घ्या.

संपलेल्या सॉकेटवर पैसे घालणं

सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा. आय५-७४००वाल्यांना सेकंडहँड आय७-७७०० घ्यायचा मोह होतो, कारण त्या बोर्डवर याच फळीतला प्रोसेसर सगळ्यात वरचा. मागणी असल्याने त्याची किंमतही उतरत नाही. इतके पैसे घालूनही विंडोज ११च्या अधिकृत यादीत तो बसत नाही. काही अपवाद सोडले तर इंटेलची यादी सुरू होते आठव्या पिढीपासून. आठव्या पिढीचा सॉकेटही एलजीए ११५१च दिसतो, म्हणून काही जण आय५-८४०० घेऊन येतात, पण सातव्या पिढीच्या बी२५० बोर्डवर तो चालत नाही. त्याला ३०० सिरीजचाच बोर्ड लागतो.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड असलेल्यांचं मात्र नशीब चांगलं. २०१७चा रायझन ५ १६०० काढून त्याच जागी रायझन ५ ५६०० बसतो आणि फरक डोळ्यांना दिसतो. अट एकच: बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलच्या यादीत तो प्रोसेसर असला पाहिजे. बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचा, आणि यूपीएसवर करायचा. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो.

इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीवाल्यांनी प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही बदलायची तयारी ठेवावी. इथे रॅमकडे लक्ष द्या. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आहेत. तुमची जुनी रॅम डीडीआर४ असेल तर ती विकू नका. डीडीआर४ घेणारा बी६६० बोर्ड आणि आय५-१२४००एफ, किंवा बी५५० आणि रायझन ५ ५६००, यांवर ती चालते. २४०० वेगाची असली तर थोडी मागे पडेल, पण आज वाचलेले पैसे कार्डात घालता येतात. एएमडीचा नवा एएम५ सॉकेट पुढच्या काळासाठी चांगला, पण तिथे फक्त डीडीआर५ चालते आणि सध्या तेच बजेट खाऊन टाकतं. आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० घेतल्यावर आणखी एक लक्षात ठेवा: त्यांच्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार.

एसएमपीएस 'आहे तोच चालेल' म्हणणं

कॅबिनेटसोबत मिळालेल्या एसएमपीएसवर (पीसीला वीज देणाऱ्या डब्यावर) ४५० वॅट छापलेलं असलं तरी त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. त्यात कार्डाची पॉवर केबलच नसेल आणि दुकानदार मोलेक्सचा (जुन्या पद्धतीच्या चार पिनांचा) जोड देत असेल, तर नको म्हणा. आरएक्स ६६०० साधारण १३२ वॅट घेतं, आरटीएक्स ३०६० १७० वॅट. नामांकित कंपनीचा ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा ५५० वॅटचा एसएमपीएस यांना पुरतो आणि पुढच्या पीसीतही जातो.

ब्राउझर दिवसभर चालतो आणि गेम सुरू करताच पीसी रीस्टार्ट होतो, ही खूण बहुतेक वेळा विजेची असते. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. नव्या कार्डासह पीसी, मॉनिटर आणि राउटर त्यावर टाकले की तो ओरडतो किंवा बंद पडतो. एकदा पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. रीस्टार्ट थांबला तर दोष यूपीएसचा, एसएमपीएस उगाच बदलू नका.

नावाला भुलणं

'आय७, १६ जीबी, ग्राफिक्स कार्डसह' अशी जाहिरात दिसली की पिढी विचारा. बऱ्याचदा तो २०११चा आय७-२६०० असतो, जुन्या एच६१ बोर्डवर, जोडीला जीटी ७३० हे अगदी साधं कार्ड. त्याच्यापेक्षा २०२२चा आय३-१२१०० कितीतरी पुढे आहे. मुलांना वाढदिवसाला पीसी घेऊन देणारे आईवडील यात हमखास फसतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सेकंडहँड कार्ड घेताना कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून बघा. जुन्या चिपवर बायोस बदलून केलेलं खोटं १०५० टीआय ते पकडतं. आरएक्स ५८०मध्ये २३०४ शेडर (चित्र तयार करणारी छोटी युनिटं) दिसायला हवेत. २०४८ दिसले तर ते जवळपास आरएक्स ५७० आहे, भावही तसाच द्या. विकणाऱ्याच्या समोर पंधरा-वीस मिनिटं लोड टाकून तापमान आणि चित्र बघा. मूळ जीएसटी बिल मागा, कारण वॉरंटी शिल्लक असली तरी बिलाशिवाय बरेच सर्व्हिस सेंटर दाद देत नाहीत.

जुन्या बोर्डवर नवं कार्ड टाकणार असाल तर आणखी दोन सापळे आहेत. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेन (बोर्डशी माहिती नेणाऱ्या वाटा) वापरतं, त्यामुळे कार्डाचा स्लॉट जुन्या पीसीआयई ३.० पिढीचा असलेल्या बोर्डवर ते बरंच मंदावतं. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं. ते नसेल तर कामगिरी फार पडते. दोन्ही कार्डं स्वस्त दिसतात, पण सातव्या पिढीच्या पीसीसाठी घेऊ नका.

महिन्याला एक भाग घेऊन ठेवणं

दिवाळीच्या सेलमध्ये प्रोसेसर, जानेवारीत बोर्ड, मार्चमध्ये रॅम असं केलं तर प्रोसेसर चालतो की नाही हे कळेपर्यंत बदलून देण्याची मुदत उलटून जाते. आज घेतलेला भाग आजच्या पीसीत लावता येत असेल तरच एकेक करून घ्या: आधी एसएसडी, मग एसएमपीएस आणि कार्ड. बोर्ड, प्रोसेसर आणि लागलीच तर रॅम एकाच आठवड्यात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या असेंबलरकडे घेत असाल, तर दुकानातच जोडून बायोसपर्यंत चालवून दाखवायला सांगा.

जोडणी झाल्यावर फ्रेम अपेक्षेपेक्षा कमी दिसल्या तर आधी मॉनिटरची केबल बघा. ती मदरबोर्डऐवजी कार्डाला लागलेली हवी. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय) चालू आहे का, रॅमच्या दोन्ही पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये आहेत का, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६०वरच तर अडकलेला नाही ना, हे तपासा. हे सगळं नीट असूनही फ्रेम येत नसतील, तर जुना ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने काढून नवा टाका.