पॅनिक अटॅक आणि गोळ्यांची धास्ती : या चुका टाळा

आपल्याला झाला तो पॅनिक अटॅक होता, हे अनेकांना तो येऊन गेल्यावर कित्येक महिन्यांनी कळते. तोपर्यंत त्याला पित्त, गॅस, ‘बीपी लो झाले’ अशी नावे मिळालेली असतात, दोन-तीन ईसीजी काढून झालेले असतात आणि ‘तू फार विचार करतेस’ हे वाक्य घरात रोजचे झालेले असते. मला पहिला झटका सकाळच्या लोकलमध्ये आला. छातीत धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या, घशाशी कोणी आवळल्यासारखे वाटले आणि आपण आता इथेच मरणार अशी खात्री पटली. पुढच्या स्थानकावर उतरून बाकावर बसले, अर्ध्या तासात सगळे ओसरले. ‘पुन्हा झाले तर?’ हा प्रश्न मात्र त्या दिवसापासून सोबतच राहिला.

त्या प्रश्नातूनच शरीरावर पहारा ठेवण्याची सवय लागते. ठोका चुकला का, श्वास अपुरा पडतो का, डोके हलके का वाटते, याची तपासणी दिवसभर मनात चालू राहते. डॉक्टर औषध लिहून देतात तेव्हा हाच पहारा औषधाच्या दुष्परिणामांवर बसतो आणि गोळीमुळे झालेली साधी मळमळही संकटाची चाहूल वाटू लागते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एका सवयीतून होतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा मी स्वतः केलेल्या आहेत.

निदान स्वतःच करून टाकणे

छातीत दुखणे, धाप लागणे, घाम फुटणे ही लक्षणे हृदयविकारातही असतात, त्यामुळे पहिल्या वेळी ‘टेन्शनमुळे झाले असेल’ असे म्हणून घरी बसणे धोक्याचे आहे. वेदना हातात किंवा जबड्यात जात असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे किंवा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थायरॉइड वाढल्यामुळे, रक्त कमी असल्यामुळे, साखर उतरल्यामुळे किंवा हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमिततेमुळेही अशीच घबराट होऊ शकते. या तपासण्या एकदा नीट करून घ्याव्यात.

मात्र तपासण्या स्वच्छ आल्या, डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि तरीही दर झटक्यानंतर नवा ईसीजी काढला जात असेल, तर ती दुसऱ्या टोकाची चूक होते. प्रत्येक नवा अहवाल दोन दिवसांचा दिलासा देतो आणि तिसऱ्या दिवशी ‘त्यांच्याकडून काही सुटले असेल तर?’ अशी शंका उभी राहते.

झटका चालू असताना होणाऱ्या चुका

‘खोल श्वास घे’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण घाबरलेला माणूस खोलच्या नावाखाली भराभर हवा ओढतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मुंग्या, गरगर, छातीवरचा दाब यांचे बरेचसे कारण तेच असते. म्हणून श्वास मोठा करण्यापेक्षा संथ करावा : नाकाने चार अंक मोजेपर्यंत आत, सहा अंक मोजेपर्यंत बाहेर, आणि पोट हलते आहे की नाही हे हात ठेवून पाहावे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये, कारण त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर त्याने अपाय होतो.

झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो. चक्कर येऊन पडू अशी भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. वास्तविक झटक्यात रक्तदाब बहुधा वाढलेला असतो, त्यामुळे शुद्ध हरपणे विरळा. हे वाक्य मी एका चिठ्ठीवर लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवले होते आणि त्याचा मला फार आधार झाला. जवळच्या माणसांनी भोवती गर्दी करू नये, प्रश्नांचा भडिमार करू नये. शेजारी बसून संथ आवाजात एवढेच सांगावे की हे उतरणार आहे आणि मी इथे आहे.

टाळत जाणे

लोकलमध्ये झटका आला म्हणून जलद गाडी सोडून धीमी धरायची, मग धीमीही सोडून बसने जायचे, मग कुणी सोबत असेल तरच बाहेर पडायचे, अशी पायरी-पायरीने घराची चौकट आकसत जाते. पर्समधली पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पट्टी हेही टाळण्याचेच सौम्य रूप असते, कारण ‘ती होती म्हणून वाचले’ असा समज त्यातून पक्का होतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो : धडधड ही साधी संवेदना असते, तिचा ‘आता हार्ट अटॅक येणार’ असा अर्थ लावला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि वर्तुळ पुरे होते. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या समुपदेशनाच्या पद्धतीत) हे वर्तुळ तोडण्यासाठी जिने भराभर चढून किंवा खुर्चीत गोल फिरून तशाच संवेदना मुद्दाम जागवल्या जातात आणि त्या निरुपद्रवी असल्याचा अनुभव घेतला जातो. हे प्रशिक्षित समुपदेशकाच्या देखरेखीखाली करावे. केवळ गोळीवर विसंबून ही उपचारपद्धती वगळणे हे माझ्या मते मोठे नुकसान आहे.

‘मला डिप्रेशन नाही, मग ही गोळी कशाला?’

चिठ्ठीवरचे औषध नैराश्यावरचे आहे, असे औषधाच्या दुकानात किंवा मोबाइलवर कळते आणि अनेकजण तिथेच थांबतात. डॉक्टरांनी आपल्याला चुकीचे ओळखले, असे त्यांना वाटते. या गटाला अँटिडिप्रेसंट हे नाव मिळाले ते पहिल्या वापरावरून. घबराटीच्या झटक्यांवर त्यांचा उपयोग गेली कित्येक दशके होतो आहे. 1960 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी अशा रुग्णांना इमिप्रमीन हे नैराश्यावरचे जुने औषध दिले. काही आठवड्यांनंतरही ‘फरक नाही’ असेच रुग्ण सांगत होते. पण हे रुग्ण आता ‘मरतो, वाचवा’ म्हणत परिचारिकांच्या टेबलाकडे धावत येत नाहीत, हे कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आले. आतून तपासत बसणाऱ्याला आपली सुधारणा सर्वांत शेवटी दिसते, हे त्यातून मी शिकले, आणि म्हणूनच घरातल्या एकाला तरी दर आठवड्याला ‘तुला माझ्यात काय फरक वाटतो?’ असे विचारत राहिले.

पहिल्या पंधरा दिवसांत गोळी सोडणे

सर्वाधिक हानी करणारी चूक हीच. सध्या बहुतेकदा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन अशा एसएसआरआय गटातल्या (मेंदूतल्या सिरोटोनिन या रसायनाचा परिणाम वाढवणाऱ्या) गोळ्या दिल्या जातात. यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पुरता गुण यायला काहींना तीन महिनेही लागतात. दुष्परिणाम मात्र पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होऊ शकतात. म्हणजे सुरुवातीच्या पंधरवड्यात हिशेबात त्रासाचीच बाजू दिसते. त्यातच या औषधांनी काहींना आरंभी अस्वस्थता, थरथर, झोपमोड आणि वाढलेली घबराट जाणवते, आणि पॅनिक असलेल्यांना ती विशेष जाणवते. झटका घालवण्यासाठी घेतलेल्या गोळीने झटक्यासारखेच वाटू लागले की माणूस चौथ्या दिवशी पट्टी कचऱ्यात टाकतो आणि ‘मला ही औषधे सोसत नाहीत’ असा निष्कर्ष आयुष्यभरासाठी काढून बसतो.

हे टाळण्याचा उपाय डॉक्टरांच्या खोलीतच सुरू होतो. पॅनिकमध्ये आरंभीचा डोस सहसा नेहमीपेक्षा कमी ठेवतात. उदाहरणार्थ एस्सिटालोप्राम 5 मिलिग्रॅम किंवा सर्ट्रालीन 25 मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवडाभराने वाढवतात. ‘माझ्यासाठी कमी डोसने सुरुवात करता येईल का, आणि पहिल्या पंधरा दिवसांत त्रास झाला तर मी कुणाला विचारू?’ हे दोन प्रश्न विचारायला संकोच करू नये. मळमळ होत असेल तर जेवणानंतर गोळी घेता येते, झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री; वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे एवढेच. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच हे त्रास बहुतेकांचे एक-दोन आठवड्यांत कमी होतात. चहा-कॉफी या काळात अर्ध्यावर आणावी, कारण कॅफीनमुळे होणारी धडधड गोळीच्या माथी मारली जाते.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती आवर्जून सांगते. गोळी सुरू करण्यापूर्वीच, जमल्यास आठवडाभर आधी, आपल्याला कोणकोणती लक्षणे होतात हे तारखेसह वहीत लिहावे. मी तसे लिहिले ते दुसऱ्यांदा औषध सुरू करताना, आणि तेव्हा लक्षात आले की पहिल्या खेपेला ज्या डोकेदुखीला आणि घामाला मी ‘साइड इफेक्ट’ म्हणत होते, ती गोळीच्या आधीपासूनच होती. पाकिटातल्या पत्रकाबद्दलही हेच. त्यातली यादी खरी असते, पण तिच्यात सर्रास दिसणारे आणि अतिशय दुर्मीळ असे दोन्ही परिणाम शेजारी-शेजारी छापलेले असतात. घबराटलेल्या मनाने रात्री अकरा वाजता ती यादी वाचू नये. सकाळी वाचून शंका लिहून काढाव्यात आणि डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

काही त्रास मात्र सोसत बसण्यासारखे नसतात. अंगावर पुरळ येऊन चेहरा सुजणे, काळी शौच होणे, ताप येऊन अंग ताठरणे व थरथरणे, वयस्कर माणसाने अचानक असंबद्ध बोलू लागणे (रक्तातले सोडियम घटल्याने असे होऊ शकते) अशा वेळी त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. झोप न घेताही उत्साह ऊतू जाणे, अखंड बोलणे, वारेमाप खर्च करणे ही लक्षणे उन्मादाकडे बोट दाखवतात. घरात कुणाला बायपोलर आजार (ज्यात नैराश्य आणि उन्माद आलटून-पालटून येतात) असेल तर ते औषध सुरू होण्याआधीच सांगायला हवे. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये सुरुवातीला किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 साली मुलांसाठी व 2007 साली 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर छापायला लावला आहे. असा विचार मनात आला तर तो गुपित ठेवू नये : घरच्यांना सांगावे, डॉक्टरांना फोन करावा. डॉक्टर मिळत नसतील तर 14416 या क्रमांकावरच्या टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेवर दिवसा-रात्री मोफत आणि मराठीतूनही बोलता येते, आणि धोका तातडीचा वाटला तर थेट रुग्णालयात जावे.

लगेच गुण देणाऱ्या गोळीलाच उपचार समजणे

सुरुवातीच्या अस्वस्थ आठवड्यांसाठी डॉक्टर क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम थोड्या दिवसांकरता जोडून देतात. ती अर्ध्या-एक तासात शांत करते, म्हणून रुग्णाला तीच ‘खरी’ गोळी वाटते. मग तिच्यासाठी मुख्य औषध सोडले जाते आणि जुनी चिठ्ठी दाखवून तीच वर्षानुवर्षे आणली जाते. ‘सवय लागते’ ही लोकांना वाटणारी भीती खरोखर याच गटाला लागू आहे. तीही एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, फिटसुद्धा येऊ शकते. मद्यासोबत ती घेणे जिवावर बेतू शकते.

डॉक्टरांना न सांगितलेल्या गोष्टी

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, तीव्र वेदनेसाठी ट्रामाडोल, खोकल्याचे डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले सिरप, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी, आयुर्वेदिक किंवा वनस्पतिजन्य चूर्णे : यांतली काही एसएसआरआयबरोबर रक्तस्रावाचा, सोडियम घटण्याचा किंवा सिरोटोनिन फाजील वाढण्याचा धोका निर्माण करतात. घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून नेणे सर्वांत सोपे.

लैंगिक इच्छा कमी होणे किंवा तृप्तीला उशीर लागणे हा परिणाम बऱ्याच जणांना होतो आणि मळमळीसारखा तो आपोआप जाईलच असे नाही. लाजेमुळे त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मग गोळी गुपचूप बंद होते. ‘डॉक्टर, या गोळीपासून आमच्या वैवाहिक आयुष्यात अडचण येते आहे’ एवढे एक वाक्य पुरते. डोस किंवा औषध बदलण्याचे पर्याय त्यांच्याकडे असतात. गर्भ राहिल्याचे कळताच घाबरून गोळी टाकून देणाऱ्या स्त्रियांनीही आधी फोन करावा, कारण औषध आणि आजार या दोन्हींचे धोके तोलूनच तो निर्णय घ्यावा लागतो.

बरे वाटले म्हणून बंद

चांगले वाटू लागल्यावरही औषध सहसा अनेक महिने, बहुतेकदा वर्षभर चालू ठेवतात. मी चौथ्या महिन्यात, एका लग्नाच्या गडबडीत, ते आपल्या मनाने थांबवले. तीन दिवसांत चक्कर, विचित्र स्वप्ने, चिडचिड आणि डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे होणे सुरू झाले. या गोळ्यांची नशेसारखी ओढ लागत नाही, पण शरीराला त्यांची सवय झालेली असते, म्हणून त्या टप्प्याटप्प्याने कमी कराव्या लागतात. पॅरॉक्सेटीनसारखी शरीरातून लवकर निघून जाणारी औषधे सोडताना त्रास जास्त होतो, शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लुओक्सेटीनच्या बाबतीत सहसा कमी. एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी आणि दुप्पट कधीच घेऊ नये.

गोळी कमी केल्यावर त्रास झाला की ‘आजार परतला’ असे घाईने ठरवू नये. बंद केल्यापासून दोन-चार दिवसांतच सुरू झालेली आणि चक्कर किंवा विजेच्या झटक्यासारखी, पूर्वी कधी नसलेली लक्षणे बहुधा गोळी सुटल्याची असतात. काही आठवड्यांनी हळूहळू परतणारे, ओळखीचे झटके आजाराचे असतात. डोस कमी केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवावी, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवावे.