जुन्या डिझेल गाडीचे स्टार्टिंग आणि चार्जिंग: दोष कोणत्या क्रमाने शोधावा

‘गाडी सुरू होत नाही’ या एका तक्रारीत किमान तीन निरनिराळे दोष दडलेले असतात. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) फिरतच नाही, सेल्फ फिरतो पण इंजिन जड फिरते, किंवा इंजिन चांगले फिरते पण पेट घेत नाही, यांपैकी नेमके काय होते आहे हे स्वतः चावी फिरवून, कान देऊन ठरवल्याशिवाय नवशिक्याने एकही नट सैल करू नये. मालकाने केलेले वर्णन ऐकून घ्यावे, परंतु त्यावर निदान उभे करू नये.

यांत्रिक पंप असलेल्या जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. त्यामुळे विजेची गरज इंजिन फिरवणे, हीटर प्लग (थंड इंजिनात हवा तापवणारे प्लग) तापवणे आणि बहुतेक गाड्यांत पंपावरील स्टॉप सोलेनॉइड (डिझेल सोडणारी-बंद करणारी विजेवरची झडप) उघडा ठेवणे एवढ्यापुरतीच असते. याचा एक परिणाम नव्या कारागिराच्या लवकर लक्षात येत नाही. चार्जिंग बंद पडले तरी डिझेल गाडी कुरकुर न करता चालत राहते आणि बॅटरी पुरती उतरल्यावर, पुढच्या थंड सकाळी, दोष सेल्फच्या तोंडून बाहेर पडतो. सेल्फ गेला म्हणून आलेल्या गाडीचे चार्जिंग मी म्हणूनच न चुकता तपासतो.

सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी नुकतीच चालवलेली असेल तर हेडलाइट मिनिटभर लावून बंद करावेत आणि मग व्होल्टेज मोजावे, नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो. 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा असेल तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास ॲसिडची घनता दाखवणारा हायड्रोमीटर अधिक खरे सांगतो: भरलेल्या बॅटरीत आकडा 1.26 ते 1.28 च्या दरम्यान येतो, आणि एखाद्या सेलचा आकडा इतरांपेक्षा 0.05 ने कमी असेल तर तो सेल कामातून गेला असे समजावे. मात्र स्थिर बॅटरीचा चांगला आकडा हे अर्धेच उत्तर आहे. स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून, म्हणजे इंजिन पेट घेणार नाही अशी व्यवस्था करून, काही सेकंद सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर 9.6 व्होल्टपेक्षा कमी दिसू लागले, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीचे सुटे भाग याच ठिकाणी बदलले जातात. बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर सेल्फ उतरवण्याआधी केबलमध्ये किती व्होल्ट खर्च होतात हे मोजावे. मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि काळी पिन सेल्फच्या जाड बोल्टवर धरावी, आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगावी. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मग लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर आणि काळी निगेटिव्ह खुंटावर धरून तेच करावे. या अर्थच्या, म्हणजे प्रवाह परत येण्याच्या, बाजूला 0.2 ते 0.3 व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब आहे. डिझेल इंजिनचा सेल्फ सहज 300 अँपिअर ओढतो, आणि त्या प्रवाहाला वाटेत 0.005 ओहमचा अडथळा जरी आला तरी दीड व्होल्ट तिथेच जातो. इतका बारीक अडथळा साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर दिसतच नाही, त्यामुळे बझर वाजला म्हणून केबल चांगली असा निष्कर्ष काढू नये. आकडा जास्त आला की पिन एकेका जोडावरून पुढे सरकवत जावी. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे फरक पडतो तिथेच हिरवी बुरशी, सैल नट किंवा आतून तुटलेल्या तारा सापडतात. इंजिन आणि चासीमधली अर्थपट्टी तुटली असेल तर प्रवाह मिळेल त्या धातूतून परत जातो आणि प्रसंगी ॲक्सिलरेटरची केबल गरम झालेली आढळते.

सेल्फ नुसता ‘टक’ वाजून थांबत असेल तर सेल्फवरील सोलेनॉइडच्या (मोटरला प्रवाह जोडणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या) बारीक वायरवर चावी फिरवलेली असताना व्होल्टेज पाहावे. ते बॅटरीच्या त्या क्षणीच्या व्होल्टेजपेक्षा बरेच कमी असेल तर इग्निशन स्विच किंवा मधला रिले झिजलेला आहे. सलग ‘टक-टक-टक’ असा आवाज प्रायः उतरलेल्या बॅटरीचा किंवा खराब जोडाचा असतो. मोटर सुसाट फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा मात्र पिनियनचा (सेल्फच्या टोकावरील लहान दातेरी चाकाचा) क्लच किंवा फ्लायव्हीलचे दात पाहण्यासाठी सेल्फ उतरवावाच लागतो.

इंजिन जोमाने फिरून पेट घेत नसेल तर सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोहोचते आहे पण जळत नाही, तेव्हा हीटर प्लग तपासावेत. धूरच नसेल तर स्टॉप सोलेनॉइड, डिझेल लाइनमधील हवा आणि फिल्टर पाहावेत. हीटर प्लगची वायर काढून, बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेला टेस्ट लॅम्प प्लगच्या टोकाला लावावा. दिवा लागला नाही तर त्या प्लगचे आतले कॉइल तुटले आहे.

चार्जिंग पाहताना इंजिन आयडलच्या थोडे वर ठेवून बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळतात का हे आधी दिवे बंद ठेवून आणि मग हेडलाइट व पंखा लावून पाहावे. त्याआधी एक साधी गोष्ट: चावी ऑन करताच चार्जिंगचा लाल दिवा लागलाच पाहिजे. पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) सुरुवातीचा प्रवाह याच बल्बमधून मिळतो, त्यामुळे बल्ब गेला की निर्दोष अल्टरनेटरही चार्जिंग देत नाही. त्यानंतर बेल्टचा ताण आणि कार्बन (अल्टरनेटरच्या फिरत्या रिंगांना टेकणारे ब्रश) पाहावेत. अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असेल तर सील गळून तेल कार्बनवर येते. अशा वेळी नुसते कार्बन बदलणे व्यर्थ, सीलही बदलावे लागते. चार्जिंग तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढण्याची जुनी सवय अजून दिसते. ती धोक्याची आहे, कारण अचानक उसळलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि रेग्युलेटर जळू शकतात.

रात्रभरात बॅटरी उतरते अशी तक्रार असेल तर सर्व काही बंद करून निगेटिव्ह केबलमध्ये अँपिअरमीटर ओळीने जोडावा. तो जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नये. 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह दिसल्यास एकेक फ्यूज काढत जावे. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढून अलग बांधावी आणि पुन्हा मोजावे. आता आकडा शून्याकडे गेला तर डायोड गळतो आहे. बेअरिंग आणि स्लिप रिंग चांगल्या असतील तर संपूर्ण अल्टरनेटर न बदलता डायोड प्लेट बदलून काम होते.