प्रॉक्समॉक्सच्या नियंत्रण पानाला खरं सर्टिफिकेट कसं लावायचं

प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) बसवला की ८००६ पोर्टवर त्याचं नियंत्रण पान उघडतं आणि ब्राउझर लगेच धोक्याचा इशारा देतो. एन्क्रिप्शन तेव्हाही असतंच. पण सर्टिफिकेटवरची, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रावरची, सही सर्व्हरने स्वतःच तयार केलेल्या प्राधिकरणाची असते आणि त्याला ब्राउझर ओळखत नाही. मग आपण रोज ‘तरीही पुढे जा’ दाबतो. उद्या कुणी खरंच मधे बसून रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड चोरत असेल, तेव्हाही इशारा हाच दिसेल आणि आपलं बोट सवयीने तिथेच जाईल. म्हणून हे काम टाळू नका.

लेट्स एन्क्रिप्ट हे ब्राउझरला मान्य असलेलं प्राधिकरण सर्टिफिकेट मोफत देतं, फक्त डोमेन तुमचं आहे हे सिद्ध करावं लागतं. एचटीटीपी पद्धतीत त्यासाठी ८० पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवावा लागतो. नियंत्रण पानासाठी ही पद्धत नकोच. डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) पद्धतीत डोमेनमध्ये एक टीएक्सटी नोंद, म्हणजे साध्या मजकुराची नोंद, थोडा वेळ टाकली की भागतं. सर्व्हर बाहेरून दिसण्याची गरज पडत नाही.

आधी डोमेनखाली सर्व्हरसाठी एक नाव ठरवा आणि त्याची ए नोंद (नाव आयपीशी जोडणारी नोंद) सर्व्हरच्या आतल्या आयपीवर लावा. नाव साधं ठेवा, कारण दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची सार्वजनिक नोंद होते. ‘पगार-बॅकअप’ असं नाव दिलंत तर ते कुणीही वाचू शकतं.

मग जिथे तुमचं डीएनएस आहे तिथून एपीआय टोकन, म्हणजे प्रॉक्समॉक्सला तिथल्या नोंदी स्वतः बदलू देणारी किल्ली, घ्या. क्लाउडफ्लेअरसारख्या ठिकाणी त्याला एकाच डोमेनच्या डीएनएस नोंदी बदलण्यापुरता अधिकार देता येतो. तेवढाच द्या. हे टोकन सर्व्हरवर कायम राहणार आहे. अख्ख्या खात्याची किल्ली तिथे ठेवू नये.

आता प्रॉक्समॉक्समध्ये ‘डेटासेंटर’खाली ‘एसीएमई’ (सर्टिफिकेट आपोआप मागवण्याची पद्धत) उघडा. दोन खाती बनवा, एक ‘स्टेजिंग’चं, म्हणजे चाचणीचं, एक खरं. तिथेच ‘चॅलेंज प्लगइन’ जोडून टोकन भरा. नंतर डावीकडे आपला नोड (म्हणजे सर्व्हर) निवडून ‘सिस्टिम’मधल्या ‘सर्टिफिकेट्स’वर या, प्रकार डीएनएस ठेवून डोमेन जोडा, खातं स्टेजिंगचं निवडा आणि ‘ऑर्डर सर्टिफिकेट्स नाऊ’ दाबा. स्टेजिंगच्या सर्टिफिकेटलाही ब्राउझर नाकं मुरडेल, ते बरोबरच आहे. सगळं सुरळीत झालं की खातं बदलून पुन्हा मागवा. थेट खऱ्या खात्यावर चुका करत बसलात तर मर्यादा आडवी येते: एका तासात पडताळणी ५ वेळा फसली की काही वेळ थांबावं लागतं. फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टीएक्सटी नोंद पसरायला लागणारा वेळ. प्लगइनमधला ३० सेकंदांचा थांबा १२० करून पाहा.

यापुढे पान आयपीने नव्हे, नावाने उघडा. नाव उघडलंच नाही तर राउटर खासगी आयपीची उत्तरं अडवतोय का ते तपासा. तसं असेल तर राउटरमध्येच ती नोंद करा.

‘पीव्हीई-एसएसएल’ नावाच्या मूळ फायलींना मात्र हात लावू नका, क्लस्टरमधले (एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटातले) नोड त्यांच्यावरच एकमेकांशी बोलतात. नवीन सर्टिफिकेट ‘पीव्हीईप्रॉक्सी-एसएसएल’ या वेगळ्या फायलींत जातं. काही बिघडलंच तर ते त्याच पानावरून काढून टाका, जुनं परत लागू होतं.

सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि ३० दिवस उरले की प्रॉक्समॉक्स ते आपोआप नवं करतं. पण टोकन रद्द झालं असेल तर नूतनीकरण अडतं, आणि लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण देणारे ईमेल जून २०२५ पासून बंद केले आहेत. कॅलेंडरमध्ये दर दोन महिन्यांनी तारीख पाहण्याची नोंद आजच टाका.